पालथा जनरल

मी जस्ताचा एक ब्लॉक बोलतोय. वर्तमानपत्रात तुम्ही फोटो पाहता, तो आधी माझ्यासारख्या पत्र्यावर तेजाबाने कोरावा लागतो. मग तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर बारीक खिळ्यांनी ठोकतात, शाई लावतात आणि कागदावर दाबतात. तुम्हाला दिसणारा चेहरा म्हणजे माझ्या अंगावरची टिंबं. इतर ब्लॉकांना एकच चेहरा असतो. मला दोन आहेत, एक पोटावर आणि एक पाठीवर. त्या दोघांची कधी भेट झालेली नाही, पण एकाने दुसऱ्याचं आयुष्य नासवलं आहे.

पहिला चेहरा एका जनरलचा. त्याच्या देशाचं नाव मी सांगत नाही. त्या काळात असे देश बरेच होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक जनरल बसलेला होता. आमच्या जनरलने निवडून आलेलं सरकार उलथून टाकलं, विरोधकांना कोंडलं आणि नंतर एका दुग्धशाळेचं उद्घाटन केलं. वर्तमानपत्रांसाठी फोटो निघाला तो उद्घाटनाचा. एका हाताने त्याने लहान मुलाच्या ओठांना दुधाचा पेला लावला आहे, दुसरा हात मुलाच्या गालावर आहे, आणि स्वतः असा हसतोय की बघणाऱ्याला वाटावं, गाय याच्याच गोठ्यातली.

त्याच्या वकिलातीने त्या फोटोचे ब्लॉक फोर्टातल्या एका कारखान्यात घाऊक करून घेतले आणि मुंबईतल्या लहानमोठ्या पत्रांना फुकट वाटले. घाटकोपरच्या ‘उपनगर-दीप’ साप्ताहिकाच्या वाट्याला मी आलो.

‘उपनगर-दीप’चे मालक आणि संपादक अण्णा. खादीचा सदरा, जाड भिंगांचा चष्मा, आणि खुर्चीच्या मागे भिंतीवर एक लहानशी चौकट. तिच्यात पिवळा पडलेला कागद होता. बेचाळीस साली अण्णा पकडले गेले तेव्हा ते कुठे आहेत, आहेत की नाहीत, हे घरी कुणालाच कळेना. तेव्हा कुणीतरी चोरून काढलेल्या पत्रकात त्यांचं नाव छापलं. ‘त्यावरून माझ्या आईला कळलं की मी जिवंत आहे,’ असं अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावत. मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, चांगल्या घरी पडलो.

लहान साप्ताहिकाची एक रीत असते. फोटो छापायचा तर ब्लॉक हवा, ब्लॉक करायला वेळ आणि जस्त हवं, आणि तेव्हा परदेशातून येणारं जस्त मिळेनासं झालं होतं. म्हणून बातमीला फोटो शोधत नसत, घरात असलेल्या ब्लॉकला बातमी शोधत. आमच्या फळीवर होते कोण? दोन गणपती, एक केशतेलाची बाटली, नगरपालिकेचे एक अध्यक्ष, आणि मी.

त्यामुळे मी सारखा छापला जाऊ लागलो. ‘तिकडेही आरे कॉलनी!’ या मथळ्याखाली मीच. ‘बालसंगोपन आणि आपण’ या लेखात मीच. त्या देशात विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर गोळ्या चालल्या तेव्हाही मीच, खाली मजकूर ‘बेशिस्तीला कडक उत्तर’. रस्त्यात मुलं पडली होती, आणि मी घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत घरोघर दूध पाजत हिंडत होतो.

संध्याकाळी कचेरीत पेन्शनर मंडळी जमत. चहा येई, अंक हातोहात फिरे.

“काय रुबाब आहे बघा,” एक जण म्हणे.

“अहो, तिकडे म्हणे ऑफिसात माणूस पाच मिनिटं उशिरा आला तर घरी पाठवतात.”

“आपल्याकडे असाच एक पाहिजे. चार वर्षं. फक्त चार वर्षं.”

“पाचव्या वर्षी तो तुमचं ऐकून घरी जाणार का?” कोपऱ्यातल्या टेबलावरून आवाज आला.

ही मृणालिनी. राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेली, अण्णांच्या शेजाऱ्यांची मुलगी. इंग्रजी दैनिकांतल्या परदेशी बातम्या मराठीत आणण्यासाठी अण्णांनी तिला ठेवली होती. मंडळी हसली. मुलगी चुणचुणीत आहे, असं एक जण म्हणाले, जसं लोक मांजरीबद्दल म्हणतात.

तिचा मजकूर छपाईला जाण्याआधी अण्णांच्या तांबड्या पेन्सिलीखालून जाई. मी फळीवरून पाहत असे. ती लिही, ‘हजारो लोकांना खटल्याविना तुरुंगात डांबलं.’ पेन्सिल फिरली की होई, ‘काही उपद्रवी व्यक्तींना स्थानबद्ध केले.’ ती लिही, ‘छापखाना जाळला.’ त्याचं होई, ‘वृत्तपत्रांना शिस्त लावली.’ ‘पोलिसांनी मारले’ याचं ‘गोंधळात दगावले’ झालं त्या दिवशी ती कागद घेऊन अण्णांसमोर उभी राहिली.

“अण्णा, गोंधळ माणूस मारत नाही. बंदूक मारते.”

“मृणाल, परराष्ट्राचा मामला आहे. आपण संयमाने लिहावं.”

“मग फोटोतही संयम ठेवा ना. तो का दर महिन्याला?”

“ब्लॉक आहे म्हणून,” अण्णा म्हणाले. त्यात त्यांना काही चूक वाटलं नाही, आणि मला तेच जास्त झोंबलं. दुष्टपणा असता तर समजलो असतो. हा नुसता आळस होता, आणि आळसाच्या बळावर एक खुनी माणूस उपनगरांचा लाडका आजोबा होऊन बसला होता.

मग एके दुपारी रत्नप्रभा आली. देवगडकडची, भटवाडीतल्या चाळीत राहणारी, नवरा गिरणीत. हातात पदरात गुंडाळलेला फोटो. तिचा धाकटा भाऊ सहदेव बोटीवर खलाशी होता. बोट त्या जनरलच्या बंदरात लागली, सहदेव मित्राबरोबर बाजारात गेला. तिथे गोदी कामगारांचा संप चालू होता. पोलिसांनी रस्त्याची दोन्ही तोंडं बंद करून जे सापडले त्यांना गाडीत घातलं. मित्र धाकू एका दुकानात शिरला म्हणून वाचला. सहदेवला गाडीत ढकलताना त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि बोटीवरून परत आल्यावर तसं येऊन सांगितलं. बोटीच्या कंपनीने हात वर केले. वकिलातीने कळवलं की असा कुणी माणूस त्यांच्या देशात उतरलेलाच नाही.

“उतरलोच नाय म्हणतंत,” रत्नप्रभा म्हणाली. “मग धाकून बघल्यान तो कोण? भूत?”

तिला एकच गोष्ट हवी होती. सहदेवचा फोटो पेपरात यावा. त्याला पाहिलेला कुणीतरी दुसरा खलाशी तो ओळखेल, बोलेल, मग वकिलातीला नाही म्हणता येणार नाही.

अण्णांनी फोटो पाहिला, हळहळले, तिला चहा दिला. “बातमी देतो हं बाई,” म्हणाले. मृणालिनीने दोन रकाने लिहून दिले. अंक निघाला तेव्हा त्या दोन रकान्यांच्या चार ओळी झाल्या होत्या आणि त्या शेवटच्या पानावर ‘हरवले आहेत’ या सदरात होत्या. वर एक छत्री, खाली तांबड्या रंगाची गाय, मध्ये सहदेव. पहिल्या पानावर मी. जनरलच्या सत्ताग्रहणाचा वर्धापनदिन होता.

रत्नप्रभा अंक घेऊन परत आली. तिला अक्षरं जेमतेम लागत, म्हणून तिने आधी चित्रं पाहिली होती.

“ह्यो कोण?” माझ्यावर बोट ठेवून तिने विचारलं.

मृणालिनी म्हणाली, “ज्याने तुमच्या भावाला धरलंय, तो.”

रत्नप्रभाने सगळी पानं उलटून पाहिली. “आणि माझ्या भावाचो फोटो खंय?”

“त्याचा ब्लॉक नाही हो बाई,” अण्णा म्हणाले. “ब्लॉक असल्याशिवाय फोटो येत नाही.”

“ह्येचो असा?”

“याचा आहे.”

“धरणाऱ्याचो असा, धरलेल्याचो नाय,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. अंकाची घडी घातली आणि निघाली. दारात थांबून म्हणाली, “तो हरवलेलो नाय. छत्री हरावता.”

मला तोंड असतं तर मी तेव्हाच बोललो असतो. माझ्या नशिबी नुसतं हसणं कोरलेलं. मृणालिनीने त्या दिवशी पुढे एक ओळ लिहिली नाही. टाक दौतीत बुडवायची आणि तसाच ठेवायची.

पुढच्या आठवड्यात खंडेनवमी आली. छापखान्यात त्या दिवशी यंत्र बंद. मशीनमन जयवंतने यंत्र धुऊनपुसून त्याला झेंडूचा हार घातला, टाइप ठेवायच्या लाकडी केसी मांडल्या आणि आम्हा सगळ्या ब्लॉकांना पाटावर ओळीने बसवलं. त्याच्या बायकोने तेलात कालवलेलं कुंकू पाठवलं होतं. जयवंत भाविक माणूस. गणपतींना लावलं, केशतेलाच्या बाटलीला लावलं, नगराध्यक्षांना लावलं, आणि हात जोडत मलाही लावलं. त्याने तोंड पाहिलं नाही, मधोमध बोट टेकवलं. माझ्या मधोमध जनरलचा हात, पेला आणि मुलाचं तोंड होतं. एका जुलमी माणसाची घाटकोपरात पूजा झाली. आरतीला अण्णांनी टाळ्या वाजवल्या. मृणालिनी कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी होती. तिने प्रसाद घेतला, पण टाळी वाजवली नाही.

दसऱ्यानंतर जयवंतने सगळ्यांना घासलेटने पुसलं. पण टिंबांच्या खाचांत शिरलेलं तेलकुंकू वाळून घट्ट बसलं होतं. त्या अंकात मी पुन्हा छापला गेलो, आणि कुंकवाने शाई धरली. कागदावर पेला उमटलाच नाही. जनरलचा हात कोळशासारखा काळा उमटला आणि तो त्या मुलाच्या तोंडावर दाबलेला दिसत होता. वरचं हसू मात्र जसंच्या तसं.

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा खरं छापलं होतं, तेही जयवंतच्या भक्तीमुळे.

दुसऱ्याच दिवशी वकिलातीचा प्रसिद्धी अधिकारी मोटारीतून आला. चंद्रप्रकाश नावाचा, आपल्याच मुंबईचा माणूस, गळ्यात टाय. “अण्णासाहेब, हे काय केलंत? ही आमच्या राष्ट्रप्रमुखांची विटंबना आहे.”

“अहो, कुंकू ते,” अण्णा घाबरून म्हणाले. “पूजा केली हो आम्ही त्यांची.”

“साहेबांना मी पूजा समजावून सांगू?”

ठरलं ते असं. पुढच्या अंकात दिलगिरी, आणि नवा कोरा ब्लॉक वापरून तोच फोटो अर्ध्या पानावर. चंद्रप्रकाशने पिशवीतून नवा ब्लॉक काढून टेबलावर ठेवला. माझाच जुळा भाऊ, चकचकीत, मोठा.

“तुमचा माणूस जेवढा हसतोय, त्याला अर्धं पान पुरेल?” मृणालिनीने विचारलं.

चंद्रप्रकाशने तिच्याकडे पाहिलंच नाही. “या कोण?”

“आमच्याकडे अनुवाद करते,” अण्णा म्हणाले.

“सहदेव कुठे आहे, ते मी विचारणारी आहे,” मृणालिनी म्हणाली.

“असा कुणी उतरलेला नाही, हे आम्ही कळवलंय,” असं म्हणून तो मोटारीत बसला.

मोटार गेल्यावर मृणालिनी अण्णांसमोर आली. मला वाटलं, ओरडेल. ती ओरडली नाही. तिने भिंतीवरची चौकट काढली आणि अण्णांच्या समोर टेबलावर ठेवली.

“हे छापणाऱ्याकडे ब्लॉक होता का, अण्णा?”

“त्याचा इथे काय संबंध?”

“त्यानेही संयम ठेवला असता तर? तुमचं नाव छत्री आणि गाईच्या मध्ये टाकलं असतं तर तुमच्या आईला कुठल्या पानावर दिसलं असतं?”

“तोंड सांभाळून बोल मृणाल. आम्ही तेव्हा स्वातंत्र्यासाठी आत गेलो होतो. हा खलाशी बाजारात फिरायला गेला होता.”

“म्हणजे फिरायला गेलेल्या माणसाला धरलं तर चालतं?”

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “ब्लॉक नाही,” ते म्हणाले. “कुर्ल्याच्या ब्लॉकवाल्याकडे जस्त नाही. मी तरी काय करू?”

तिने मला उचललं. उलटं केलं, लाकडाची कड पाहिली. मग जयवंतच्या खणातून पक्कड आणून एकेक खिळा उपटायला लागली.

“तो ऑफिसचा ब्लॉक आहे,” अण्णा म्हणाले.

“तोंड ऑफिसचं असेल. पाठ कोरी आहे. ती अजून कुणाला दिलेली नाही.”

अण्णा उठले नाहीत. तिला थांबवलंही नाही. त्यांची नजर टेबलावरच्या चौकटीवर होती. ‘नको’ म्हणायला त्यांना जमलं नाही, एवढंच मी त्यांच्या बाजूने सांगेन.

कुर्ल्याच्या ब्लॉकवाल्याने कुरकुर केली. पाठ घासून गुळगुळीत करावी लागेल, पुढच्या बाजूला लाख फासावी लागेल, फोटो सुबक येणार नाही. “सुबक नको,” मृणालिनी म्हणाली, “ओळखू आला पाहिजे.” मग तेजाबाचं भांडं. जनरलच्या वेळी मी नवा होतो, काही कळलं नव्हतं. या वेळी पाठ जळताना मला कळत होतं, माझ्यावर काय कोरलं जातंय. रुंद कपाळ, उजव्या भुवईवर खोक पडल्याची खूण, आणि फोटोग्राफरने हसायला सांगितल्यावर हसू न आलेला एक तरुण मुलगा.

मला परत ठोकळ्यावर ठोकलं. सहदेव वर, जनरल खाली, लाकडात तोंड खुपसून.

त्या अंकात दिलगिरी आली नाही. पहिल्या पानावर सहदेव आला. मथळा मृणालिनीचा होता: ‘हा माणूस उतरला होता’. तांबडी पेन्सिल त्या मजकुरावरून फिरली, पण एकच स्वल्पविराम घालून परत आली. चंद्रप्रकाशचा चकचकीत ब्लॉक त्याच अंकात गुंडाळून अण्णांनी परत पाठवला. वकिलातीकडून मिळणारी जाहिरात गेली, पेन्शनर मंडळींपैकी दोघे यायचे बंद झाले.

आमच्या धंद्यात ब्लॉक उसने देतात. चेंबूरच्या एका पत्राने मला मागून नेलं, तिथून गिरगावातल्या एका दैनिकाने, तिथून एका गुजराती पत्राने. जनरल पालथा पडून माझ्याबरोबर सगळीकडे हिंडत होता आणि छापला सहदेव जात होता. मग माझगावच्या खलाशांच्या एका खोलीत तो फोटो दुसऱ्या बोटीवरच्या माणसाने पाहिला. तोही जनरलच्या तुरुंगात होता, सुटून आला होता. त्याने भुवईवरची खूण ओळखली. सहदेव जिवंत होता.

दैनिकाने ते छापलं. दिल्लीहून विचारणा गेली. आणि जी वकिलात असा कुणी उतरलेलाच नाही म्हणत होती, तिने कळवलं की सदर इसम ‘चौकशीसाठी’ ठेवलेला असून त्याची प्रकृती उत्तम आहे. रत्नप्रभाने ते वाचून घेतलं, पुन्हा वाचून घेतलं, आणि कचेरीच्या पायरीवर बसली. “असा,” एवढंच म्हणाली. “तो असा.”

सोडला मात्र नाही. चौकशी चालू होती. असल्या चौकश्या संपायला माणसाचं आयुष्य लागतं.

अण्णा आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, ‘सहदेवला आम्हीच शोधून काढला.’ मृणालिनी ऐकायची आणि मान खाली घालून लिहीत राहायची. तिला हसू येत असावं.

दोनएक वर्षांनी जनरल मेला. गोळीने नाही, खटल्यानंतर नाही. स्वतःच्या पलंगावर, मऊ उशीवर. जगभरच्या पत्रांना एकदम त्याचं दूध आठवलं. ‘कणखर शासक’, ‘वादग्रस्त पण कर्तबगार’. अण्णांनी मृत्युलेख लिहिला. जुन्या सवयीने हाक मारली, “जयवंत, तो ब्लॉक काढ. उलटा करून घे.”

जयवंतने मला टेबलावर ठेवलं आणि पक्कड शोधायला लागला. मृणालिनी खुर्चीवरून उठलीच होती, इतक्यात रत्नप्रभा दारात आली. चाळीतल्या रेडिओवर तिने ऐकलं होतं.

“आता सोडतीत मां?” तिने विचारलं. मग तिचं लक्ष टेबलाकडे गेलं. “ह्येका कशाक उपटतास?”

अण्णा म्हणाले, “नाही बाई, जरा दुसरी बाजू...”

रत्नप्रभाने मला उचललं, पदराने सहदेवच्या चेहऱ्यावरची शाई पुसली आणि पिशवीत घातलं.

“तुमका ह्यो नको झालो,” ती म्हणाली. “मी घरी व्हरतंय.”

“रत्नप्रभाबाई, ब्लॉक ऑफिसचा आहे,” जयवंत म्हणाला.

“जाऊ दे रे,” अण्णा म्हणाले. त्यांनी मृत्युलेखाचा कागद पुढे ओढला, ‘कर्तबगार’ हा शब्द खोडला आणि बराच वेळ दुसरा शब्द शोधत बसले. मृणालिनीने टेबलावरून तांबडी पेन्सिल उचलून त्यांच्यासमोर धरली. मी पिशवीत होतो, पुढचं पाहिलं नाही. अंक निघाला तेव्हा मृत्युलेख सहा ओळींचा होता, फोटोशिवाय, शेवटच्या पानावर. छत्रीच्या खाली होता की वर, ते रत्नप्रभाला विचारायला हवं.

आता मी भटवाडीत, तिच्या खोलीतल्या फळीवर आहे. शेजारणी हळदीकुंकवाला येतात तेव्हा एखादी माझ्यावर फूल ठेवायला जाते. रत्नप्रभा तिचा हात धरते. “फूल नको. कुंकू नको. तो जितो असा.”

नवा जनरल आला आहे. त्याने म्हणे काही कैदी सोडायचं कबूल केलंय. त्याचाही फोटो परवा एका पत्रात पाहिला. तो झाड लावतोय. मृणालिनी दर आठवड्याला येऊन सुटलेल्यांची नावं वाचून दाखवते. सहदेवचं अजून आलेलं नाही.

पेपर उघडून कुणाचं हसू पाहाल तेव्हा एवढं करा. तो ब्लॉक कुणी दिला, कुणी फुकट वाटला, आणि कुणाचा ब्लॉक झालाच नाही, ते विचारा. मी हे सांगू शकतो, कारण मी दोन्ही बाजूंनी जळलो आहे.

आणि सहदेव आला, तर मला त्याच्या हातात द्या. पक्कडही द्या. खिळे काढायचे की तसेच ठेवायचे, की मला सरळ भट्टीत टाकायचं, ते त्याने ठरवावं. आजवर माझ्याबद्दल सगळं दुसऱ्यांनीच ठरवलं. त्याच्याबद्दलही.